वाऱ्याचा तर्क, पाण्याचा तोल

नियंत्रण म्हटले की आज आपल्यासमोर इलेक्ट्रॉनिक मंडलेच उभी राहतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र या उत्तराला एक प्रतिस्पर्धी होता. १९६० साली अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेतील हॉर्टन, वॉरेन व बाउल्स यांचे काम जाहीर झाले, आणि त्यातून ‘फ्लुइडिक्स’ ही शाखा उदयास आली. हवेचा झोत जवळच्या भिंतीला चिकटून वाहतो. बाजूने दिलेली बारीकशी फुंकर त्याला समोरच्या भिंतीकडे वळवते, आणि फुंकर थांबली तरी तो तिथेच राहतो. म्हणजे झोताला स्मृती आली, ‘हो’ आणि ‘नाही’ आले. एकही हलता भाग नाही, उष्णतेचे वा किरणोत्साराचे भय नाही. १९६४ साली युनिव्हॅकने अशा सुमारे २५० घटकांचा ‘फ्लोडॅक’ हा संगणक चालवून दाखवला. पण हवेतील संदेशाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या मर्यादेत राहतो. सिलिकॉनच्या वेगापुढे आणि स्वस्ताईपुढे ही शाखा मागे पडली. मोटारीच्या काचेवर पाणी फवारणाऱ्या तोटीसारख्या किरकोळ जागी ती आजही तग धरून आहे.

प्रवाहानेच प्रवाहाचे नियमन करावे, ही कल्पना महाराष्ट्राला मात्र त्याआधीच परिचित होती. पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्यास स्वयंचलित दरवाजे बसवले. पाण्याने ठरलेली पातळी ओलांडली की तोल ढळे व दरवाजे उघडत; पातळी उतरली की मिटत. विजेचा अथवा माणसाच्या हाताचा त्यात संबंध नव्हता. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला.

तथापि, कोणतीही स्वयंचलित व्यवस्था आधी कल्पिलेल्या प्रसंगांपुरतीच शहाणी असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही. तो पूर कोणत्याही तोलाच्या हिशेबात नव्हता.

पैठणचा नाथसागर या पार्श्वभूमीवर पाहावा. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेल्या आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलेल्या जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत. ते केव्हा आणि किती उचलायचे, हे माणसे ठरवतात. वरून येणारे पाणी, खालची गावे, उद्याचा उन्हाळा, या सगळ्याचा विचार त्या निर्णयात असतो. यंत्राला पातळी कळते. काठावर कोण राहते, हे कळत नाही. झोताचा तर्क कितीही देखणा असला, तरी निर्णयाचे उत्तरदायित्व त्याच्यावर टाकता येत नाही. तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना केवळ कोण जिंकले एवढेच पाहून आपल्याला थांबता येणार नाही. निर्णय कोणाच्या हाती राहिला, हेही विचारावे लागेल.