पवनारचं भिंत हरवलेलं देऊळ

वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की थोड्याच वेळात धाम नदीकाठी पवनार लागतं. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला तिथं न्यायचंच. आश्रम, नदी, फोटो, परत. तिथल्या भरत-रामाला मी कितीदा हात जोडलेत! पण अभ्यासकांच्या मते तो मूळचा गाभाऱ्यातला देव नव्हे, देवळाच्या भिंतीवरचा शिल्पपट आहे, हे मला इंजिनिअरिंग संपल्यावर कळलं.

पाचव्या शतकात इथं वाकाटकांचं राज्य होतं. राणी प्रभावतीगुप्ता म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, आणि तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन. त्याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. ‘सेतुबंध’ हे रामकथेवरचं काव्य याच प्रवरसेनाच्या नावावर आहे, तेही महाराष्ट्री प्राकृतात. म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीच्या भाषेत!

पवनारला सापडलेल्या शिल्पपटांत मिराशींना रामायणातले प्रसंग दिसले. वाली-सुग्रीवाची झुंज त्यातलीच. त्यावरून इथं रामाचं देऊळ होतं, असं ते म्हणाले. ते देऊळ मात्र आज उभं नाही.

इंग्लंडातल्या जुन्या गावचर्चच्या भिंतींवरही अशाच गोष्टी रंगवलेल्या असायच्या, वाचता न येणाऱ्यांसाठी. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत त्यांवर चुना फासला गेला. पण भिंती टिकल्या, म्हणून चुना खरवडला की चित्र आपल्या जागेवरच सापडतं. आपल्याकडे उलटं झालं. चित्रं राहिली, भिंत गेली. कुठला प्रसंग कुठल्याशेजारी होता, प्रदक्षिणा घालताना आधी काय दिसायचं, तो क्रमच पुसला गेला.

आता विनोबांकडे येऊ. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या बाराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी भरत-रामाच्या भेटीचं चित्र शब्दांत उभं केलं होतं. १९३८ मध्ये ते पवनारला राहायला आले, आणि तिथं जमीन खोदताना नेमकी तीच भेट दाखवणारं शिल्प वर आलं. योगायोग म्हणा, काहीही म्हणा, माझ्या तर अंगावर काटा येतो.

ते म्युझियमच्या काचेआड गेलं नाही. विनोबांनी आश्रमातच त्याची स्थापना केली. काटेकोर इतिहासकाराला हे खटकेल. मला नाही खटकत. भिंतीवरचा एक प्रसंग चौदा-पंधराशे वर्षांनी गाभाऱ्यात जाऊन बसला, हाही त्या दगडाचा इतिहासच की! फक्त पुढच्या वेळी हात जोडून झाले की दोन मिनिटं थांबा, आणि त्याच्या भोवती ती अख्खी भिंत कल्पून बघा.