दोन सुटकेसमधली चित्रे

हल्ली 'आर्ट थेरपी' हा शब्द फार कानावर पडतो. दुकानात रंगवायच्या वह्यासुद्धा त्याच नावाने विकायला ठेवतात. वही रंगवली की जिवाला बरे वाटते हे खरे, पण तेवढ्यालाच उपचार म्हणणे मला पटत नाही. या शब्दामागे मोठा इतिहास आहे.

एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयाने आजारी पडले. मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये अंथरुणावरून समोर दिसेल ते काढत बसायचे. त्यात मन रमते म्हटल्यावर ते इतर रुग्णांनाही शिकवू लागले. 'आर्ट थेरपी' हे नाव त्यांनीच १९४२ मध्ये दिले.

त्याच वर्षी डिसेंबरात फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीला नाझींनी प्रागजवळच्या तेरेझीनच्या छावणीत पाठवले. जन्म व्हिएन्नाचा, १८९८ चा. शिक्षण जर्मनीतल्या प्रसिद्ध बाउहाउस कलाशाळेत. सोबत मोजकेच सामान नेता येत होते. आपण असतो तर काय भरले असते? ऊबदार कपडे, चार भांडी, दागिने. या बाईंनी त्यात कागद आणि रंग भरले.

तिथे मुलांना आईवडिलांपासून वेगळे, दाटीवाटीच्या खोल्यांत ठेवलेले असे. भूक, आजार, आणि पुढच्या गाडीत आपला नंबर लागेल का ही धास्ती. फ्रीडलबाई त्यांना जमवून चित्रे काढायला लावत. कागद संपले की कचेरीतले वापरलेले फॉर्म, पुड्यांचे कागद, काहीही चाले. कुणी आपले घर काढी, कुणी फुलपाखरे, कुणी छावणीतल्या तीन मजली बाकांच्या रांगा. हे चुकले, ते खोड, असे बाई म्हणत नसत. मुलांना चित्रकार करायचे नव्हतेच. मात्र एक आग्रह होता: चित्रावर स्वतःचे नाव घालायचे. जिथे माणसाची ओळख एका आकड्यावर येऊन ठेपली होती, तिथे हे नाव घालणे मला सगळ्यात मोठे वाटते.

१९४४ च्या सप्टेंबरात त्यांचे पती पावेल यांना ऑशविट्झला नेले. फ्रीडलबाईंनी स्वतःहून पुढच्या गाडीत नाव दिले. ऑक्टोबरमध्ये त्यांना तिथे मारण्यात आले. पावेल मात्र जगले. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

जाण्याआधी त्यांनी मुलांची सुमारे ४,५०० चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये ती प्रागच्या ज्यू मंडळींच्या हाती आली. आज ती तिथल्या ज्यू संग्रहालयात आहेत. काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत.

त्यांची एक विद्यार्थिनी मात्र वेळीच अमेरिकेत पोचली होती. एडिथ क्रेमर. प्रागमध्ये निर्वासितांच्या मुलांना शिकवताना ती फ्रीडलबाईंच्या मदतीला असे. पुढे न्यूयॉर्कमध्ये तिने बिघडलेली म्हणून वेगळी काढलेल्या मुलांबरोबर काम केले आणि १९५८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मार्गारेट नॉमबर्ग या दुसऱ्या बाईंच्या मते चित्र म्हणजे मनाच्या तळातले बोलणे, ते तज्ज्ञाने रुग्णाबरोबर बसून उलगडायचे. एडिथबाई म्हणत, चित्र घडवण्यातच औषध आहे. आज शिकलेले थेरपिस्ट दोन्ही वापरतात. चित्र सुंदर आले की नाही, हे कुणीच विचारत नाही.

एडिथबाई ९७ वर्षे जगल्या, २०१४ पर्यंत.