रोश टोमोग्राफी : ताऱ्यावरील डागांचा नकाशा

कुंभ राशीतील ‘एई ॲक्वेरी’ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या दुर्बिणीतूनही तो प्रकाशाचा ठिपकाच असतो. प्रत्यक्षात ते दोन तारे आहेत : सूर्यापेक्षा थंड असा एक नारिंगी तारा आणि अवघ्या ३३ सेकंदांत स्वतःभोवती गिरकी घेणारा श्वेत बटू. त्यांची एकमेकांभोवतीची प्रदक्षिणा ९ तास ५३ मिनिटांत पूर्ण होते. सुमारे ३०० प्रकाशवर्षांवरील या नारिंगी ताऱ्याची तबकडी पाहणे म्हणजे अडीच सेंटिमीटरचे नाणे ५० हजार किलोमीटरवरून पाहण्यासारखे आहे. तरीही त्याच्या पृष्ठभागाचा नकाशा तयार झाला आहे.

हे साधते ते वर्णपटामुळे. तारा फिरत असताना त्याची एक कड आपल्याकडे येते आणि दुसरी दूर जाते. डॉप्लर परिणामामुळे पहिल्या कडेचा प्रकाश निळ्या बाजूस, तर दुसरीचा तांबड्या बाजूस सरकतो आणि वर्णपटातील प्रत्येक काळी रेषा रुंदावते. पृष्ठभागावर थंड डाग असेल, तर त्या भागाचा प्रकाश कमी पडून रेषेवर बारीक उंचवटा उमटतो. तारा फिरेल तसा हा उंचवटा निळ्या कडेकडून तांबड्या कडेकडे सरकतो. ध्रुवाजवळच्या डागाचा उंचवटा मात्र रेषेच्या मध्याजवळच घुटमळतो. अशा अनेक वर्णपटांतून संगणक मूळ पृष्ठभाग जुळवतो. सीटी स्कॅनचे तत्त्वही हेच.

एकट्या ताऱ्यांसाठी ही पद्धत आधीपासून होती. परंतु एकमेकांशी देवघेव करणाऱ्या युग्मात सोबत्याच्या ओढीने तारा गोल राहत नाही. तो थेंबासारखा निमुळता होतो आणि टोकाकडून त्याचे द्रव्य सोबत्याकडे वाहते. हा आकार हिशेबात धरणारी ‘रोश टोमोग्राफी’ रेने रुटेन आणि विक धिल्लन यांनी १९९४ मध्ये मांडली. अडचण वेळेची होती. तारा इतका वेगाने पळतो की, दीर्घकाळ प्रकाश साठवला तर उंचवटे पुसट होतात. थोडाच वेळ साठवला तर प्रकाश अपुरा पडतो. यावरचा उपाय म्हणजे हजारो क्षीण रेषा एकत्र करून एकच ठळक रेषा मिळवणे.

ख्रिस वॉटसन, धिल्लन आणि तारिक शाहबाज यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एई ॲक्वेरी’च्या नकाशात ध्रुवाकडे एक मोठा डाग आणि खालच्या अक्षांशांवर इतर डाग दिसले. उत्तर गोलार्धाचा सुमारे १८ टक्के भाग डागांनी व्यापलेला होता. सूर्यावर हे प्रमाण एक टक्क्यापर्यंतही पोहोचत नाही.

याचे महत्त्व केवळ चित्रापुरते नाही. अशा युग्मांतील ताऱ्याचे चुंबकीय वारे कोनीय संवेग वाहून नेतात, त्यामुळे तारे जवळ येत राहतात आणि द्रव्याचा ओघ चालू राहतो, असा सिद्धांत आहे. त्यासाठी तारा चुंबकीयदृष्ट्या सक्रिय असणे आवश्यक असते आणि डाग हा त्याचा प्रत्यक्ष पुरावा ठरतो. शिवाय, ज्या टोकातून द्रव्य ओघळते तेथे डाग आला तर ओघ मंदावतो, अशीही एक कल्पना आहे. काही युग्मे अचानक अंधूक का होतात, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळू शकते.

अर्थात, हा नकाशा म्हणजे छायाचित्र नव्हे. एकाच वर्णपटमालिकेशी अनेक नकाशे जुळू शकतात. त्यांतून संगणक अनावश्यक तपशील नसलेला नकाशा निवडतो. कक्षेचा कल चुकीचा धरला तर खोटे पट्टे उमटतात, आणि आपल्यापासून कललेल्या गोलार्धाबद्दल फारच थोडे कळते. म्हणूनच पुन्हा केलेली निरीक्षणे मोलाची ठरतात. २०१४ मध्ये ‘एई ॲक्वेरी’चे नऊ दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन नकाशे प्रसिद्ध झाले. मोठा डाग त्यांतही होता. मात्र विषुववृत्ताजवळचा भाग ध्रुवाकडील भागापेक्षा किंचित वेगाने फिरत असल्याचे, आणि सुमारे २६५ दिवसांत एक पूर्ण फेरी पुढे जात असल्याचे दिसून आले. एका रात्रीत हा फरक एका अंशाहूनही कमी असल्याने नकाशांना बाधा येत नाही. असा तारा सोबत्याशी पूर्णपणे जखडलेला असतो, हे गृहीतक मात्र त्यामुळे मोडीत निघाले.