खेळाचे पाठभेद : हुतुतू, खो-खो व आयर्लंडचें हर्लिंग

(१)

पोथ्यांचा संग्रह करणारास पाठभेदाचें महत्त्व सांगावयास नको. एकाच ग्रंथाच्या दहा प्रती मिळाल्या म्हणजे एकेका ओळीचे तीन-तीन, चार-चार पाठ निघतात. संपादक त्यांतील एक मूळांत घेतो व बाकीचे तळटीपेंत नोंदवितो. टीपा न देतां नुसता स्वतःस रुचलेला पाठ कोणीं छापला, तर त्या आवृत्तीस आपण चिकित्सक आवृत्ति म्हणत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय पोथी नसून मैदानी खेळ हा आहे. परंतु खेळांसही पाठ असतात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्या देशी खेळांचें एक प्रकारें संपादन झालें, आणि त्या संपादनांत तळटीपा द्यावयाच्या राहून गेल्या, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

खेळ हें इतिहासाचें साधन होऊं शकतें काय, अशी शंका कोणास येईल. तिचें निरसन एका उदाहरणानें करतों. लहानपणीं मंगळवेढ्यांत आम्ही विटीदांडू खेळत असूं, त्या वेळीं डावाची मोजणी ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी करीत असूं. हे शब्द आमच्याच गांवचे नव्हेत. महाराष्ट्रांत दूरवर ते कमीअधिक फरकानें ऐकूं येतात. मराठींत त्यांस दुसरा कांहीं अर्थ नाहीं. तेलुगु भाषेंत मात्र एक, दोन, तीन, चार यांस अनुक्रमें ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असें म्हणतात. ‘रेंडु’चें ‘लेंड’ होणें हा र-काराचा ल-कार होण्याचा नित्य परिचयाचा प्रकार आहे. ज्या मुलांच्या सात पिढ्यांनीं गोदावरीचें मुख पाहिलें नाहीं, त्यांच्या तोंडीं तेलुगु संख्या टिकून राहिल्या, त्या केवळ खेळामुळें! दोन भाषांच्या जुन्या सहवासाचा हा दाखला एखाद्या शिलालेखाहून कमी मोलाचा नाहीं. मात्र तो दगडावर नसून मुलांच्या जिभेवर आहे, आणि जीभ दगडाइतकी टिकत नाहीं.

(२)

आपल्या खेळांचे जुने उल्लेख संतवाङ्मयांत विपुल आहेत. तुकारामबोवांच्या गाथेंत हुतुतू, हमामा, विटीदांडू, चेंडूफळी इत्यादि खेळांवर अभंग आहेत. तेथें खेळ हें रूपक आहे, वर्णन नव्हे. परंतु श्रोत्यांस ठाऊक नाहीं त्याचें रूपक कोणी करीत नाहीं. तेव्हां सतराव्या शतकांत हे खेळ घरोघरीं माहीत होते एवढें त्यावरून निर्विवाद ठरतें. ते कसे खेळत, गडी किती, बाद झालेला गडी पुन्हां केव्हां येई, हें मात्र रूपकांतून निघत नाहीं. नियम सर्वांस ठाऊक होते, म्हणूनच ते कोणीं लिहिले नाहींत.

त्यांपैकीं चेंडूफळी, म्हणजे फळीनें चेंडू टोलविण्याचा खेळ. त्याच जातीचा एक खेळ आयर्लंड देशांत प्राचीन काळापासून चालत आला असून त्यास हर्लिंग म्हणतात. अॅश नांवाच्या वृक्षाच्या लांकडाची, टोंकाशीं रुंद व चपटी अशी काठी आणि चामड्यानें मढविलेला लहान चेंडू, एवढीं त्याचीं साधनें. या खेळाचा इतिहास आपल्या विषयास फार उपयोगी आहे. कारण त्याचें संपादन आपल्या खेळांच्या एकच पिढी आधीं झालें, आणि त्याच्या नोंदी पुष्कळ टिकल्या.

(३)

हर्लिंगचा एक प्रसिद्ध जुना लेखी उल्लेख बंदीचा आहे. इ. स. १३६६ च्या किल्केनी येथील कायद्यांनीं आयर्लंडांतील इंग्रज वसाहतवाल्यांस हा खेळ खेळण्यास मनाई केली व त्याऐवजीं धनुर्विद्येचा अभ्यास करावा असें फर्माविलें. मनाई करावी लागली, त्याअर्थीं खेळ जोरांत चालू होता, हें अनुमान जुने हुकूम वाचणारांस नवें नाहीं.

पुढें या खेळाचे दोन मुख्य पाठ झाले. दक्षिणेकडे व पूर्वेकडे तो उन्हाळ्यांत खेळत. काठी रुंद, चेंडू मऊ, आणि चेंडू हातांत घेण्याची मोकळीक असे. उत्तरेकडे तो हिवाळ्यांत खेळत. काठी अरुंद, चेंडू कठीण, आणि तो जमिनीवरूनच टोलवावयाचा. ता. १ नोव्हेंबर १८८४ रोजीं थर्ल्स या गांवीं मायकेल क्यूसॅक नामक शिक्षकाच्या पुढाकारानें गेलिक अॅथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. इंग्रजी खेळांच्या वाढत्या प्रसारापुढें देशी खेळ नामशेष होऊं नयेत, हा तिचा हेतु होता. मॉरिस डॅव्हिन हे तिचे पहिले अध्यक्ष. खेळांचे नियमही त्यांनींच तयार केले. या नियमांत मूळ पाठ म्हणून दक्षिणेचा खेळ घेतला गेला, आणि उत्तरेचा पाठ हळूहळू मागें पडला.

अखिल आयर्लंड अजिंक्यपदाचे सामने १८८७ पासून सुरू झाले. प्रत्येक जिल्ह्यांत विजयी होणारा क्लब त्या जिल्ह्याच्या नांवानें उतरे. पहिल्या वर्षाचा अंतिम सामना बर या गांवीं १ एप्रिल १८८८ रोजीं झाला. त्यांत टिपरेरी जिल्ह्याच्या वतीनें थर्ल्सच्या क्लबानें गॉलवे जिल्ह्याच्या वतीनें आलेल्या मीलिकच्या क्लबास हरविलें. त्या वेळीं एका बाजूस एकवीस गडी असत; १८९२ त ते सतरा झाले, व १९१३ पासून पंधरा. १९०४ ते १९१३ या दहा वर्षांत किल्केनी जिल्ह्यानें सात अजिंक्यपदें मिळविलीं; त्या संघांचा कणा टलारोन व मूनकॉइन या खेड्यांचे क्लब होते. मूनकॉइनचा डिक वॉल्श हा १९०७, १९०९ व १९१३ या सालीं नायक होता. टलारोनचा सिम वॉल्टन हा सातही विजयांत होता. थर्ल्सचा टॉम सेंपल १९०६ व १९०८ सालीं टिपरेरीचा नायक होता, आणि थर्ल्सचें मैदान आज त्याच्याच नांवानें ओळखलें जातें.

हा तपशील मुद्दाम दिला. एका लहानशा खेड्याच्या संघाचा नायक कोण, त्याची गांठ कोणाशीं व कोठें पडली, हें तेथें शंभर वर्षांनंतरही सांगतां येतें. वर्तमानपत्रांचीं कात्रणें, क्लबांच्या नोंदवह्या, जिल्हा समित्यांचे वृत्तांत हें सर्व जपलें गेलें, म्हणून हें शक्य झालें.

(४)

आतां आपल्याकडे वळूं. डेक्कन जिमखान्याची स्थापना पुण्यास १९०६ त झाली. स्वदेशीच्या चळवळीचा तो भर होता; देशी खेळांस नियमबद्ध रूप द्यावें हा विचार त्याच हवेंत वाढला. खो-खोचे पहिले नियम पुण्यास १९१४ त बांधले गेले. प्रारंभीं खो-खोचें मैदान लंबवर्तुळाकार असे. तें पुढें आयताकृति झालें. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें १९२३ त हुतुतूचे नियम छापून अखिल भारतीय सामने भरविले, व १९२४ त खो-खोचेही नियम प्रसिद्ध केले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें खो-खोचे सुधारलेले नियम १९३५ त काढले. १९३६ त बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें आपले देशी व्यायाम व खेळ तेथें करून दाखविले. याच सुमारास बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनीं व्यायाम ज्ञानकोशाचें काम हातीं घेतलें. त्याचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळांत बाहेर पडले. देशी खेळांच्या अभ्यासकास हा कोश अद्यापि टाळतां येत नाहीं.

या उद्योगाचें फळ मोठें आहे. हुतुतूस पुढें कबड्डी हें अखिल भारतीय नांव मिळालें, १९५० त त्याचा महासंघ झाला, आणि १९९० त बीजिंगच्या आशियाई सामन्यांत त्याचा समावेश झाला. खो-खोचे पहिले जागतिक सामने दिल्लीस जानेवारी २०२५ त झाले व पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारत विजयी झाला. नियम छापले गेले नसते, तर यांतील कांहींच घडलें नसतें. एका गांवास दुसऱ्या गांवाशींही धड खेळतां आलें नसतें. म्हणून संपादकांस दोष देण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं.

परंतु एक गोष्ट लक्षांत घ्यावी. वरील परिच्छेदांत संस्था आल्या, सालें आलीं; खेळाडु एकही आला नाहीं. आपल्याकडील प्रचलित वृत्तान्तांची तऱ्हा बहुधा अशीच असते. याच्या उलट, १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला डेक्कन जिमखाना व सर दोराबजी टाटा यांच्या प्रयत्नानें जे गेले, त्यांतील बेळगांवचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार, कुस्तीगीर रणधीर शिंदे व नवले हीं नांवें आपणांस पाठ आहेत. ते थोर होते यांत शंका नाहीं. परंतु त्यांचीं नांवें राहण्याचें एक कारण असें कीं, त्यांची नोंद परक्या देशाच्या वह्यांत झाली. जे येथल्या मातींत येथल्याच लोकांपुढें खेळले, त्यांची वही आपण ठेवावयास हवी होती.

(५)

नांवांप्रमाणेंच पाठही गेले. हुतुतूचे संजीवनी, गनिमी व अमर असे तीन प्रकार जुन्या पुस्तकांत सांगितले आहेत. संजीवनींत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला कीं आपला बाद गडी जिवंत होऊन परत येतो. गनिमींत बाद झालेला गडी, सबंध बाजू बाद होऊन लोण चढेपर्यंत, बाहेरच बसतो. अमर प्रकारांत गडी बाद होऊन बाहेर जातच नाहीं. केवळ गुण मोजले जातात. आजच्या कबड्डीनें संजीवनीचा पाठ मूळांत घेतला. उरलेले दोन तळटीपेंत जावयाचे ते बहुतेक ठिकाणीं विस्मृतींत गेले.

याचा अनुभव मला लहानपणींच आला. मंगळवेढ्याची जमीन काळी. ज्वारीची मळणी उरकली कीं सारवलेलें खळें हेंच आमचें मैदान असे. तेथें आम्ही हुतुतू खेळत असूं तो गनिमी पाठाचा; ‘मेला तो उठत नाहीं’ हा आमचा दंडक. १९७१ सालीं, मी दहा-अकरा वर्षांचा असतांना, आम्हां मुलांस प्रथमच शाळांच्या सामन्यांस परगांवीं नेलें. पहिल्याच चढाईंत मीं एक गडी मारला व धन्य झालों. थोड्या वेळानें तोच गडी पुन्हां माझ्यासमोर उभा! मीं भांडूं लागलों. पंचांनीं शांतपणें विचारलें, “बाळ, तूं म्हणतोस तें कोठें लिहिलें आहे?” त्यांच्या हातांत पुस्तक होतें, माझ्यापाशीं वडिलांचें सांगणें होतें, आणि वडिलांपाशीं आजोबांचें. सामना आम्ही हरलों. परत येतांना गाडींत सर्वांची समजूत हीच झाली होती कीं, आपल्या गांवाला हुतुतू येत नाहीं.

पुढें संस्कृत शिकलों, पाठचिकित्सा म्हणजे काय तें कळलें, आणि तेव्हां उमगलें कीं आमचा खेळ चुकीचा नव्हता. तो दुसरा पाठ होता. पंचांचाही दोष नव्हता, त्यांच्या पुस्तकाला टीपा नव्हत्या. तोंवर मात्र आमच्या खळ्यावर पुस्तकी खेळ सुरू झाला होता. आज तीं खळींही उरलीं नाहींत. मळणी यंत्रावर होते. ‘मेला तो उठत नाहीं’ हा दंडक आतां त्या खळ्यावर खेळलेल्या कांहीं म्हाताऱ्यांस तेवढा आठवतो.

(६)

यावर उपाय काय, हें पुन्हां आयर्लंडाकडूनच शिकतां येईल. तेथें १९३७-३८ सालीं सुमारें पांच हजार प्राथमिक शाळांतील मुलांकडून लोकपरंपरेचा संग्रह करविला गेला. मुलांनीं घरच्या व गांवच्या वृद्धांस विचारावें, आणि ऐकलें तें वहींत उतरून काढावें, अशी योजना होती. मुलांस जे विषय नेमून दिले होते, त्यांत गांवचे जुने हर्लिंग व फुटबॉलचे सामने हाही एक होता. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठांत सुरक्षित असून, छापील नियमांपूर्वींचा खेळ गांवोगांव कसा होता तें त्यांवरून कळतें. या कामास पैसा फार लागला नाहीं. मास्तर, मुलें व वह्या एवढ्यावर तें झालें.

आपल्याकडे जुन्या कागदांचे रुमाल शोधीत गांवोगांव हिंडणारांची परंपरा मोठी आहे. त्या परंपरेंतील मंडळींस इतकीच विनंती कीं, दप्तर पाहावयास ज्या घरीं जाल, त्या घरच्या वृद्धांस आणखी चार प्रश्न विचारावे. तुमच्या गांवीं बाद झालेला गडी केव्हां परत येई? विटीदांडूची मोजणी कशी करीत? खो-खोचें किंवा आट्यापाट्यांचें मैदान कसें आंखीत? आणि त्या वेळचे नांवाजलेले गडी कोण? उत्तरें मिळतील तीं जशींच्या तशीं, गांवाच्या नांवासह व सालासह लिहावीं; शुद्ध करूं नयेत. दप्तरांत सामन्यांचीं हस्तपत्रकें, तालमींच्या नोंदवह्या, नियमांचीं जुनीं पुस्तकें व संघांचीं छायाचित्रें निघालीं, तर तीं सनदांच्या शेजारीं ठेवावीं. छायाचित्राच्या पाठीमागें नांवें लिहवून घ्यावीं; तीं सांगणारा माणूस पुढील खेपेस भेटेलच असें नाहीं.

मंगळवेढ्यापुरतें हें काम मीं आरंभिलें आहे. आतांपर्यंत बारा वृद्धांचीं कथनें उतरून घेतलीं. त्यांपैकीं दोघे आतां हयात नाहींत. विटीदांडूच्या मोजणीचे पाठ चार मिळाले. ते एकमेकांशीं जुळत नाहींत, आणि म्हणूनच ते चारही लिहून ठेविले आहेत.