ओट्याचा दगड बदलताना

थंड प्रदेशातील घरांत शेकोटीभोवतीचे दगडी बांधकाम हे दिवाणखान्याचे वैभव मानले जाते. कोकणपट्टीच्या दमट हवेत घरातील अग्नीचे स्थान मात्र एकच, ते म्हणजे स्वयंपाकघरातील ओटा. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक परिसरातील अनेक इमारतींना वीस वर्षे उलटून गेली आहेत. तेथील सदनिकांत नूतनीकरणाचा विषय निघाला की पहिला हातोडा बहुधा ओट्यावरच पडतो.

जुने ओटे पुष्कळदा कडाप्प्याचे असतात. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलेला हा दगड मुळात चुनखडक आहे. त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम यांच्या आम्लाने त्याची झिलई उतरते. संगमरवराचीही गत तीच. देव्हाऱ्याला तो शोभतो, फोडणीशेजारी टिकत नाही. ग्रॅनाइट कठीण असून आम्लाला दाद देत नाही. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा दगड पुष्कळदा भूशास्त्राच्या दृष्टीने डोलेराइट असतो, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा जवळचा भाऊबंद. तो ओट्याला उत्तमच. मात्र करड्या दगडाला काळा रंग चढवूनही विकले जाते. नखांवरील रंग काढण्याच्या अ‍ॅसिटोनमध्ये पांढरे फडके भिजवून दगडावर घासावे. फडके काळे झाले, तर तो दगड घेऊ नये.

दगडाची निवड हा सोपा भाग होय. खरा प्रश्न त्याच्या खाली आणि मागे असतो. ओटा आणि भिंत यांच्यामधील सांधा, तसेच सिंकची कड येथून वर्षानुवर्षे थेंबथेंब पाणी झिरपते आणि एक दिवस खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छताला ओल दिसते. तोवर स्लॅबमधील सळ्यांना गंज चढू लागलेला असतो. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. म्हणून ओटा फोडल्यावर लगेच नवा बसविण्याची घाई करू नये. भिंतीचा गिलावा पोकळ वाजतो का, सिंकचा निचरा नळ कोठे गळतो, हे आधी पाहावे. जलरोधक थर दिल्यानंतर मोरीचा भाग किमान चोवीस तास पाण्याने भरून ठेवावा आणि खालच्या घरात जाऊन छत तपासावे. नव्या दगडाला सिंककडे किंचित उतार द्यावा. पुढच्या कडेला खालून बारीक खाच घेतली, तर ओघळ कपाटात न जाता तेथेच तुटतो. ही खाच सांगितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

वजनाचाही विचार हवा. १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. दहा फूट लांब व दोन फूट रुंद पाट नव्वद किलोंचा होतो. खालचा कडाप्पा आणि उभे पाय वेगळे. मूळ जागी हा भार चिंतेचा नसतो. परंतु स्वयंपाकघर मोठे करण्याच्या हौसेने ओटा सज्जात सरकवला, तर तो इमारतीबाहेर झुकलेल्या भागावर येतो. अशा बदलास अभियंत्याचा सल्ला आणि सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याखेरीज हात लावू नये. गॅसची वाहिनी असल्यास ती गवंड्याकडून हलवून घेणे अथवा दगडाआड गाडून टाकणे धोक्याचे आहे. ते काम पुरवठादार कंपनीच्या अधिकृत कारागिराचेच.

ग्रॅनाइट कोरडा कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती श्वासावाटे सतत आत गेल्यास कारागिराला सिलिकोसिस हा असाध्य फुफ्फुसविकार जडतो. मापे देऊन दगड दुकानातच पाण्याखाली कापून आणावा, घरात फक्त जुळवणी व्हावी. निघालेल्या राडारोड्याचे काय होणार, हे ठेकेदाराला आधीच विचारावे. मीरा-भाईंदरला खाडी आणि कांदळवने लागून आहेत आणि कांदळवनांत राडारोडा टाकण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात मनाई केली आहे.

जुना कडाप्पा सगळाच टाकाऊ नसतो. अखंड निघालेल्या लाद्यांची कड घासून घेतल्यास ओट्याखालचे कप्पे, माळ्याची फळी किंवा पिंपाची बैठक सहज होते.