पडदे, उशा आणि पदवी : इंटिरिअर डिझाइनच्या कॉलेजांची कुळकथा

आपल्या मंडळात मुलांच्या कॉलेजची चर्चा निघाली की इंजिनिअरिंग आणि मेडिकलबाबत प्रत्येकजण तज्ज्ञ असतो. आमच्या मोठ्या मुलीने इंटिरिअर डिझाइन शिकायचे ठरवले आणि सल्ला देणारे एकदम गप्प झाले. पुण्याहून आजोबांनी फोनवर विचारले, "अरे, घर सजवायला चार वर्षं कॉलेजात कशाला जायचं?" फीचे आकडे बघता प्रश्न रास्तच होता. मी मास्टर्ससाठी अमेरिकेत आलो तेव्हा कॉम्प्युटर सायन्सचा विभाग कुठे असतो हे शोधावे लागले नव्हते. हा विषय मात्र एका विद्यापीठात आर्ट कॉलेजात, दुसऱ्यात आर्किटेक्चरमध्ये, तर तिसऱ्यात चक्क ह्यूमन इकॉलॉजी नावाच्या कॉलेजात! कन्सल्टंटच्या सवयीने 'ही सिस्टिम अशी का बांधली' हे बघायला मी मागे मागे गेलो.

एकोणिसाव्या शतकात इथे श्रीमंतांची घरे सजवण्याचे काम फर्निचरवाले आणि गाद्या-पडदेवाले करीत. शाळा अशी नव्हतीच. कँडेस व्हीलर या बाईंनी 1877 साली न्यूयॉर्कमध्ये सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्ट काढली, ती कमवायची वेळ आलेल्या स्त्रियांना हाताच्या कलेतून मिळकत व्हावी म्हणून. दोन वर्षांनी त्या लुई कम्फर्ट टिफनी, सॅम्युएल कोलमन आणि लॉकवूड डी फॉरेस्ट यांच्याबरोबर काम करू लागल्या. यातले डी फॉरेस्ट आपल्या ओळखीच्या मुलखात येऊन गेलेले. 1881 साली त्यांनी अहमदाबादेत (तेव्हा मुंबई इलाख्यात) मगनभाई हठीसिंग यांच्या साथीने लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. तिथल्या सुतारांचे काम न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांत लागले. मॅनहॅटनमध्ये ईस्ट टेन्थ स्ट्रीटवर 7 नंबरच्या घराची कोरीव सागवानी खिडकी आजही रस्त्यावरून दिसते. कधी त्या बाजूला गेलात तर मान वर करून जरूर बघा.

1895 साली व्हीलरबाईंनी लेख लिहून घरसजावट हा स्त्रियांसाठी व्यवसाय म्हणून मांडला. त्यानंतर शाळा आल्या. चित्रकार विल्यम मेरिट चेस यांनी 1896 साली काढलेल्या कलाशाळेत 1904 साली फ्रँक अल्वा पार्सन्स आले. निव्वळ चित्रकलेला व्यवसायाची जोड देऊन त्यांनी इंटिरिअर डेकोरेशन शिकवायला घेतले. आज ती शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. 1916 साली शेरिल व्हिटन या आर्किटेक्टने फक्त याच विषयाची शाळा काढली, ती आजची न्यूयॉर्क स्कूल ऑफ इंटिरिअर डिझाइन. हे झाले कलाशाळांचे घराणे.

दुसरे घराणे मला जास्त भावले, कारण ते शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरातून आले. 1900 साली मार्था व्हॅन रेन्सेलर कॉर्नेल विद्यापीठात आल्या आणि त्यांनी शेतकऱ्यांच्या बायकांसाठी वाचनक्रम सुरू केला. त्याची पहिली पुस्तिका होती पावले वाचवण्याबद्दल : चूल, पाणी, कपाट कुठे असावे म्हणजे बाईची रोजची पायपीट कमी होईल. माझ्या आजीला हे कोणी शिकवायला नको होते, पण विद्यापीठाने तो अभ्यासाचा विषय मानला ही मोठी गोष्ट. त्यातून 1925 साली होम इकॉनॉमिक्सचे कॉलेज झाले आणि 1969 साली त्याचे नाव ह्यूमन इकॉलॉजी झाले. कोडे सुटले! या घराण्यात भर असतो माणसाच्या वागण्यावर, म्हणजे म्हातारे कसे चालतात आणि रुग्णाला खोलीतून काय दिसते यावर.

तिसरे घराणे आर्किटेक्चरचे. त्यातले ठळक नाव फ्लॉरेन्स नोल. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या प्लॅनिंग युनिटने आधी कोण कुठे बसतो, कोणाला कोणाशी बोलावे लागते हे विचारून मग ऑफिसे आखली. आम्ही त्याला रिक्वायरमेंट्स गोळा करणे म्हणतो.

आजोबांच्या प्रश्नाला खरे उत्तर मात्र बॉस्टनमध्ये सापडले. 28 नोव्हेंबर 1942 च्या रात्री तिथल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागली. छताला ताणलेले कापड, कागदी ताडाची झाडे, बंद ठेवलेली दारे, मुख्य वाटेला एकच फिरता दरवाजा. 492 माणसे गेली. त्यानंतर अनेक शहरांनी सजावटीचे सामान आणि बाहेर पडायच्या वाटा यांचे नियम कडक केले. कापड कोणते, दार कुठल्या बाजूला उघडते, हा नुसता आवडीनिवडीचा मामला नाही. पुढे 1970 साली अभ्यासक्रम तपासणारी संस्था निघाली (तिचे आजचे नाव सीआयडीए), 1974 साली व्यवसायाची परीक्षा घेणारी एनसीआयडीक्यू आली, आणि 1982 साली अलाबामाने 'इंटिरिअर डिझायनर' या पदवीनामाला पहिल्यांदा कायद्याचे संरक्षण दिले. हे सांगितल्यावर आजोबा म्हणाले, "मग परीक्षा अवघड असेल तर शिकू दे तिला."

त्यावरून आम्ही कॉलेजांची यादी गाळली. पहिली चाळणी सीआयडीएची मान्यता, कारण पदवीनंतर अनुभवाचे तास भरून त्या परीक्षेला बसताना ती उपयोगी पडते. दुसरी चाळणी संस्थेच्या तब्येतीची : द आर्ट इन्स्टिट्यूट्सच्या उरलेल्या आठही शाखा सप्टेंबर 2023 मध्ये एकदम बंद झाल्या आणि मुले अर्ध्या वाटेवर राहिली. तेव्हा चकचकीत माहितीपत्रकापेक्षा जमाखर्च आधी वाचावा. तिसरी चाळणी घराण्याची, आणि ती मुलीवर सोडली. ती गेल्या उन्हाळ्यात एका वृद्धाश्रमात मदतीला जात होती. तिथल्या न्हाणीघरांची रेखाचित्रे तिच्या वहीत आहेत. कलाशाळांची दोन नावे तिने यादीत ठेवली आहेत, पण पहिल्या क्रमांकावर ह्यूमन इकॉलॉजी आहे. अर्जाची मुदत जानेवारीत संपते, आणि पोर्टफोलिओची अजून सहा पाने व्हायची आहेत.