इतिहासाचा विद्यार्थी आणि त्याचें पाथेय

मुलगा किंवा मुलगी कॉलेजांत इतिहास घेण्याची इच्छा दाखवूं लागली कीं ‘पुढें पोटाचें काय?’ हा प्रश्न आमच्या सुशिक्षित कुटुंबांत प्रथम उभा राहतो. प्रश्न अयोग्य नव्हे. परंतु त्याचें उत्तर एकट्या विद्यार्थ्यानें शोधावयाचें कीं समाजानेंहि, याचा विचार खानदेशांत तरी व्हावयास हवा. कारण या प्रांतानें त्याचें अर्धें उत्तर पूर्वींच दिलेलें आहे.

विद्वानाचा योगक्षेम इतरांनीं चालवावा ही कल्पना आम्हांस नवी नाहीं. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर त्याच द्रव्यांतून १८२१ सालीं तेथें संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढें कॉलेजांतील तरुण विद्वानांसाठीं दक्षिणा-फेलोशिपा निर्माण झाल्या. रानडे व भांडारकर हे दोघेहि असे फेलो होते. भांडारकरांचा दक्षिणेचा प्राचीन इतिहास १८८४ सालीं, आणि रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ १९०० सालीं प्रसिद्ध झाला. शिष्यवृत्तीचें पीक असें कालांतरानें हातीं येतें.

आतां खानदेशाकडे वळूं. अमळनेर येथें प्रताप शेठांच्या औदार्यानें १९१६ सालीं तत्त्वज्ञानमंदिर स्थापन झालें. तेथील अभ्यासकांस निर्वाहाची चिंता राहूं नये अशी सोय होती. साने गुरुजीहि कांहीं काळ तेथें राहिले होते. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या संग्रहाच्या रक्षणार्थ तेथें राजवाडे संशोधन मंडळ निघालें. म्हणजे अमळनेरांत अभ्यासकाची सोय झाली, धुळ्यास कागदांना घर मिळालें. हीं दोन्हीं एकत्र आणण्याचें काम मात्र राहिलें आहे.

आज साहाय्य अगदींच नाहीं असें नव्हे. बी. ए. व एम. ए. करणारांस मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या, राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची शुल्क-शिष्यवृत्ति, पंजाबराव देशमुखांच्या नांवाचा वसतिगृह-भत्ता अशा शासकीय योजना आहेत. त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर करावे लागतात. उत्पन्नाचा व जातीचा दाखला आणि आधारशीं जोडलेलें बँक-खातें प्रवेशापूर्वींच सिद्ध ठेवावें, ही पालकांस आमची सूचना. पीएच. डी.साठीं विद्यापीठ अनुदान आयोगाची व भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेची फेलोशिप असते.

परंतु या योजनांचा भर फी, वसतिगृह आणि पीएच. डी. यांवर आहे. जळगांवच्या एम. ए.च्या विद्यार्थ्यास मोडी शिकून धुळ्याचीं दप्तरें वाचावयाचीं असलीं, तर एस. टी.चें भाडें, चार महिन्यांचें जेवण आणि कागदांच्या प्रती यांचा खर्च बहुधा घरावरच पडतो. आणि घर गरीब असलें कीं अभ्यास पाठ्यपुस्तकावरच थांबतो. राजवाडे गांवोगांव पायपीट करून कागद मिळवीत. त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे २२ खंड निघाले. परंतु प्रत्येक विद्यार्थ्यानें राजवाड्यांसारखी उपासमार सोसावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

म्हणून आमची विनंति अशी कीं, जळगांव-धुळ्याच्या संपन्न घरांनीं वडिलांच्या स्मरणार्थ दरसाल एका विद्यार्थ्यास अशी प्रवासवृत्ति द्यावी. अट एकच असावी : त्यानें खानदेशांतील एक जुनें दप्तर वाचून त्याची यादी तयार करावी व ती कॉलेजच्या ग्रंथालयांत सर्वांसाठीं ठेवावी.